नर्स प्रॅक्टिशनरची पदवी मिळाली, पण औषधाची मात्रा वाढवण्याचा अधिकार कोणाचा?

रातपाळी

मी एका खासगी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात नऊ वर्षे परिचारिका म्हणून काम करते आहे. मध्यंतरी नोकरी सोडून ‘नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर’ हा भारतीय परिचर्या परिषदेचा दोन वर्षांचा निवासी पदव्युत्तर अभ्यासक्रम पूर्ण केला. परत रुजू झाले तेव्हा पदनाम पूर्वीचेच, ‘स्टाफ नर्स’, आणि कामाची यादीही पूर्वीचीच होती.

गेल्या महिन्यातील प्रसंग सांगते. पहाटे अडीचच्या सुमारास सेप्सिसच्या, म्हणजे शरीरभर परिणाम करणाऱ्या गंभीर जंतुसंसर्गाच्या, एका रुग्णाचा सरासरी रक्तदाब ५२ वर उतरला. रक्तदाब वाढवणाऱ्या नॉरअ‍ॅड्रेनालिनचा पंप चालू होता आणि मात्रा वाढवायला हवी हे स्पष्ट दिसत होते, परंतु निवासी डॉक्टर वरच्या मजल्यावर एका रुग्णाला सीपीआर देण्यात गुंतले होते. मी फोन केला, ते “वाढवा” एवढेच म्हणाले, मी वाढवले आणि केसपेपरवर वेळेसह ‘फोनवरून आदेश’ अशी नोंद केली. सकाळी त्या नोंदीपुढे सही मागितली, तेव्हा “किती वाढवायचे हे मी कुठे सांगितले होते?” असे उत्तर मिळाले. रुग्ण सावरला म्हणून विषय तिथेच मिटला.

अशा वेळी या पदवीचा मला कायदेशीर आधार कितपत आहे? आणि आपण परिचारिकांनी आधी मागावे काय, औषध लिहून देण्याचा अधिकार की वेगळे पद?

जुना फिजिशियन

सिस्टर, कायद्याच्या दृष्टीने पाहिले तर पदवीमुळे फारसे बदललेले नाही. औषध नियम १९४५ मधील नियम ६५ नुसार अनुसूची ‘एच’मधील औषध नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाही, आणि त्या व्याख्येत परिचारिका बसत नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायदा, २०१९ च्या कलम ३२ मध्ये सामुदायिक आरोग्य प्रदात्यांना मर्यादित परवाना देण्याची तरतूद आहे खरी, परंतु स्वतंत्रपणे औषध देण्याची त्यातील मुभा प्राथमिक आणि प्रतिबंधात्मक सेवेपुरतीच आहे.

तथापि तुमच्या प्रसंगात नवे औषध लिहून देण्याचा प्रश्नच नव्हता. आधीच सुरू असलेल्या औषधाची मात्रा ठरलेल्या मर्यादेत कमीजास्त करणे हे परिचर्येचेच काम आहे, मात्र ती मर्यादा कोणीतरी लिहून ठेवलेली असली पाहिजे. संध्याकाळच्या राउंडलाच ‘०.०५ ते ०.३ मायक्रोग्रॅम प्रति किलो प्रति मिनिट, सरासरी रक्तदाब ६५ च्या वर राखावा, ०.३ च्या पुढे जावे लागल्यास कळवावे’ असा आदेश सहीनिशी लिहिला गेला असता, तर पहाटे फोन करण्याची वेळच आली नसती. आम्ही मंडळी ‘बीपीप्रमाणे’ एवढा एकच शब्द खरडून निघून जातो, आणि सकाळी सही करायला कचरतो. दोष आमच्याकडे आहे.

निदान आणि पहिले औषध यांबाबत मात्र मी अजून साशंक आहे. त्यासाठी लागणारी तयारी दोन वर्षांत होते की नाही, हे शिकवणाऱ्या संस्थेत रुग्ण किती आणि शिकवणारे किती यावर अवलंबून राहील.

नागपूरकर, सध्या लीड्स

मी इथे बारा वर्षांपासून आहे आणि औषध लिहून देण्याचा अधिकार असलेली परिचारिका आहे. आपल्याकडे पदवी आहे आणि अधिकार नाही. इथे नेमके उलटे आहे. ‘अ‍ॅडव्हान्स्ड नर्स प्रॅक्टिशनर’ या पदनामाला ब्रिटनमध्ये कायद्याचे संरक्षण नाही, परंतु औषध लिहिण्याचा अधिकार माझ्या नावापुढे परिचर्या परिषदेच्या नोंदवहीत स्वतंत्रपणे नोंदलेला आहे. २००६ पासून असा अधिकार असलेल्या परिचारिकांना जवळजवळ सर्व औषधे खुली झाली आणि २०१२ मध्ये बहुतेक नियंत्रित औषधांचीही त्यांत भर पडली. अट एकच, पण कडक आहे: आपल्या क्षमतेच्या बाहेर लिहायचे नाही. मी हृदयविकाराच्या रुग्णांसाठी लिहिते. मैत्रिणीच्या मुलाच्या कानदुखीसाठी लिहीत नाही. वर्गातील शिक्षणाखेरीज नव्वद तास अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखाली काम करावे लागले, आणि माझी प्रत्येक चिठ्ठी माझ्याच नावावर जाते. चूक झाली तर परिषदेपुढे मीच उभी राहणार, डॉक्टर नव्हे.

त्यामुळे ताई, माझ्या मते आधी पद मागावे आणि त्या पदाच्या कामाची यादी लिखित मागावी. पद नसताना औषधाचा अधिकार मिळाला, तर स्टाफ नर्सच्याच पगारात डॉक्टरची जबाबदारी तुमच्या गळ्यात पडेल.

उपकेंद्र

मी समुदाय आरोग्य अधिकारी आहे, मूळची बी. एस्सी. नर्सिंग. आमच्याकडे चित्र वेगळे आहे. सरकारी आरोग्य कार्यक्रमातील औषधे उपकेंद्रातून देण्यासाठी परिचारिकांना परवान्यातून सूट आहे, ती औषध नियमांच्या अनुसूची ‘के’मध्ये लिहिलेली आहे. उच्च रक्तदाबाच्या रुग्णाच्या गोळ्या वैद्यकीय अधिकारी सुरू करतात आणि पुढे दरमहा त्या मी देते. रक्तदाब चढलेला आढळला तर व्हिडिओ कॉलवर डॉक्टरांशी बोलून मगच बदल होतो, आणि पावसाळ्यात नेटवर्क गेले की रुग्णाला तालुक्याला जावे लागते. सोबत मजुरी बुडवून आलेला मुलगा असतो. महाराष्ट्रात २०१४ मध्ये कायदा दुरुस्त करून एका वर्षाच्या अभ्यासक्रमावर होमिओपॅथांना आधुनिक औषधांची वाट मोकळी करण्याचा घाट घातला गेला. रक्तदाबाच्या एका गोळीच्या दोन करण्यापुरतीही परिचारिकेची आठवण कोणाला झाली नाही, याचे मला राहून राहून वाईट वाटते.

रातपाळी

सर्वांचे आभार. सर, तुमच्या नमुन्यावरून नॉरअ‍ॅड्रेनालिन, इन्सुलिन आणि पोटॅशियम या तिन्हींसाठी आदेशाचे तक्ते तयार केले आहेत. विभागप्रमुखांनी पहिले दोन ठेवून घेतले. पोटॅशियमचा परत आला आहे, त्यावर लाल शाईने ‘चर्चा करू’ असे लिहिले आहे.