खालची दाढ काढली: इम्प्लांट करावं की ब्रिज?

पिंपळपान
वय ४६. डावीकडची खालची पहिली दाढ आठ महिन्यांपूर्वी काढली. रूट कॅनाल झालेली होती, मुळापर्यंत उभी चिरली. तिच्या मागच्या दाढेचंही रूट कॅनाल आणि कॅप झालेली आहे, पुढची उपदाढ मात्र धडधाकट. मधुमेह आहे, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ७.६. तंबाखू-सिगरेट नाही.

एक डॉक्टर म्हणतात इम्प्लांट करा, म्हणजे जबड्याच्या हाडात स्क्रू आणि त्यावर कॅप. दुसरे म्हणतात, मागच्या दाढेवर नाहीतरी कॅप आहेच, ब्रिज करून मोकळ्या व्हा, म्हणजे दोन्ही शेजारच्या दातांवर कॅप आणि मध्ये जोडलेला खोटा दात. दोघांनीही फक्त ओपीजी (पूर्ण जबड्याचा सपाट एक्सरे) बघितला. दुखत काहीच नाही, मग तसंच सोडलं तर काय बिघडतं?

दंतकथा
तुमचा खरा प्रश्न त्या धडधाकट उपदाढेचा आहे. ब्रिजसाठी ती चारी बाजूंनी एक-दीड मिलिमीटर आणि वरून दीड-दोन मिलिमीटर तासावी लागेल. तासलेलं एनॅमल परत येत नाही, आणि अशा काही दातांची नस पुढे मरते. मग नव्या कॅपला भोक पाडून रूट कॅनाल करत बसायचं.

दुसरी बाजू मागच्या दाढेची. रूट कॅनाल झालेल्या दाढेवर स्वतःचा आणि शेजारणीचा असा दुहेरी भार आला की तीही चिरू शकते. म्हणून ब्रिजचा विचार असेल तर तिचा छोटा एक्सरे काढून मुळांच्या टोकांशी काळसर डाग नाही ना ते बघून घ्या. जुनी कॅप काढल्यावर हिरडीच्या वर दीड-दोन मिलिमीटर सकस दात सगळीकडून उरलेला हवा. तो नसेल तर ब्रिज विसरा. दोन्ही शेजारी आधीच कॅपवाले असते तर मीही ब्रिजच सुचवला असता.

तसंच सोडलं तर वरची दाढ हळूहळू खाली उतरते आणि मागची पुढे कलते. आरशासमोर दात मिटा, बोटाने गाल ओढा आणि बघा: वरची दाढ शेजारच्या दातांच्या रेषेखाली लोंबलीय का? खालच्या हिरडीपासून तिच्यापर्यंत सात मिलिमीटर तरी जागा हवी, नाहीतर कॅप बसवायला आधी वरची दाढ घासावी लागते. सर्वांत मागची दुसरी दाढ गेली असती तर कित्येकांना काहीच न करता चालतं. पहिली दाढ मात्र चावण्याचं मुख्य काम करते.

आता स्कॅन. ओपीजीत हाडाची उंची मोठी दिसते आणि रुंदी दिसतच नाही. सीबीसीटी (जबड्याचा थ्रीडी स्कॅन) काढल्याशिवाय खालच्या जबड्यात ड्रिल लावू देऊ नका.

मेणकाम
कॅप बनवणाऱ्या लॅबच्या बाजूने दोन गोष्टी. कॅप सिमेंटने चिकटवणार की स्क्रूने बसवणार, हे आधीच विचारा. सिमेंटचा एखादा कण हिरडीखाली राहिला तर तिथे सूज, पू आणि पुढे हाड झिजणं सुरू होतं, आणि तो कण एक्सरेत दिसेलच असं नाही. स्क्रूवाल्या कॅपला वर छोटं भोक असतं, त्यात टेफ्लॉन टेप कोंबून वरून कॉम्पोझिट (दाताच्या रंगाचं फिलिंग) भरतात. काही झालं तर भोक उघडून कॅप काढता येते. दाढेला हेच बरं.

दुसरं, इम्प्लांटच्या डबीवरचं स्टिकर मागून घ्या. त्यावर कंपनी, व्यास, लांबी आणि लॉट नंबर असतो. दहा वर्षांनी स्क्रू सैल झाला आणि गाव बदललेलं असलं, तर त्या कंपनीचा ड्रायव्हर शोधायला तेवढाच कागद उपयोगी पडतो. कॅप किंचितही हलायला लागली की लगेच जा. बहुतेकदा स्क्रू फक्त आवळायचा असतो. हलत्या कॅपवर चावत राहिलात तर तो आतच तुटतो, आणि तुटका तुकडा काढणं हे घड्याळजीचं काम.

पिंपळपान
सीबीसीटी काढला. खालच्या जबड्यातून जाणाऱ्या नसेच्या वर हाड १३.२ मिमी, रुंदी ५.८. डॉक्टर ४.२ बाय १० चा (व्यास बाय लांबी, मिमीत) इम्प्लांट आणि थोडं ग्राफ्ट, म्हणजे हाडाची भर, म्हणतात. ग्राफ्ट खरंच लागतं की बिल वाढवायला?

दंतकथा
लागतं. ४.२ च्या स्क्रूला गालाच्या बाजूने दीड-दोन आणि जिभेच्या बाजूने एक मिलिमीटर हाड हवं, म्हणजे पावणेसात ते सव्वासात. तुमच्याकडे ५.८ आहे. बारीक इम्प्लांट घालून ग्राफ्ट टाळता येईल, पण दाढेच्या भाराला बारीक स्क्रू मला पटत नाही. दात काढल्यावर पहिल्या वर्षात रुंदी निम्म्यापर्यंत घटू शकते, तेव्हा आणखी थांबून फायदा नाही.

लांबी १० बरोबर आहे. नसेपासून २ मिमी अंतर सोडायचं, आणि ड्रिलचं टोक खुणेपेक्षा थोडं पुढे जातं, त्याचाही हिशोब हवा.

एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही: ग्राफ्टचे दाणे बऱ्याचदा गाय-बैलाच्या हाडाचे असतात आणि वरचा पडदा बैल किंवा डुकराच्या कोलॅजनचा. चालत नसेल तर आधी बोला, कृत्रिम दाणे मिळतात.

कोटेशन लेखी घ्या आणि त्यात स्कॅन, इम्प्लांट, अबटमेंट (स्क्रू आणि कॅप जोडणारा तुकडा), कॅप, ग्राफ्ट वेगवेगळे लिहून मागा. ‘इम्प्लांट अमुक हजार’ म्हणजे नुसता स्क्रू निघण्याची शक्यता असते. मेडिक्लेममधून सहसा काही मिळत नाही.

साखर: ७.६ वर बरेच डॉक्टर करतात, पण सातच्या आसपास आणून केलंत तर जखम लवकर भरते. सकाळची वेळ घ्या. नाश्ता आणि गोळी चुकवू नका. खालच्या जबड्यात हाड धरायला दोन-तीन महिने, ग्राफ्टमुळे चारही लागतील. तोवर स्क्रू सूक्ष्म जरी हलत राहिला तरी भोवती हाडाऐवजी तंतूंचा थर बनतो आणि स्क्रू निघून येतो. त्या बाजूने चावायचं नाही ते याचसाठी. हाडं ठिसूळ होण्यावर आठवड्याची गोळी किंवा वर्षाचं इंजेक्शन चालू असेल तर ते मात्र पहिल्याच भेटीत सांगा.

सुपारीफोडे
वर राहिलेलं: इम्प्लांटभोवती खऱ्या मुळासारखी गादी नसते, त्यामुळे खडा लागला तरी दात आधी कळवत नाही. अडकित्त्याचं काम दाढेवर टाकायची सवय असेल तर ती सोडा. रात्री दात खात असाल तर नाइटगार्ड करून घ्या. वर्षा-दोन वर्षांत पुढच्या उपदाढेशी बारीक फट पडून अन्न अडकायला लागू शकतं, कारण खरे दात सरकतात, इम्प्लांट सरकत नाही. तिथे इंटरडेंटल ब्रश रोज फिरवायचा, काडी किंवा टाचणी नाही.

दंतकथा
+१. आणि ऑपरेशननंतर भूल साधारण तीन ते पाच तासांत उतरते. त्यानंतरही खालचा ओठ आणि हनुवटी बधिर राहिली, तर सकाळची वाट न बघता त्याच रात्री डॉक्टरांना फोन करा. नसेवर दाब आला असेल तर इम्प्लांट मागे घ्यायला किंवा काढायला पहिले चोवीस तास सर्वांत मोलाचे.