बाजाराच्या वाटेच्या आठवणी सांगा

घाटपायरी:
रविवारी आहुप्याचा घाट उतरून खोपिवलीला आलो. निम्म्या वाटेत छातीएवढा सपाट धोंडा आहे. बाकीचे फोटो काढत होते, मी तिथेच थबकलो. आजी सांगायची, "धोंड्यावर वझं टेकवायचं, म्हंजे उचलाया दुसरं मानूस लागत न्हाई." हाच तो धोंडा का, सांगायला आजी आता नाही.

पौष पौर्णिमेला म्हशाची यात्रा असते ना, तिथं घाटावरची माणसं मध्यरात्र उलटली की निघायची. कोकण पश्चिमेला, त्यामुळे पुनवेचा चंद्र पहाटेपर्यंत तोंडासमोर. जाताना डोक्यावर वाळवलेला हिरडा, येताना नवी घोंगडी. त्यातली एक अजून घरात आहे, कड उसवलीय, पण ऊब तीच. तुमच्या घरातलं कोण पायी बाजाराला जायचं? लिहा.

रानजाई:
आमची नाणेघाटाची वाट! बाबा लहानपणी चुलत्यांबरोबर वैशाखऱ्याकडून चढून जुन्नरला जायचे. एकदा पावसानं गाठलं म्हणून रात्र वरच्या गुहेत काढली. भिंतीभर ब्राह्मी अक्षरं, नागनिका राणीचा २००० वर्षांपूर्वीचा लेख, आणि बाबांना वाटलं पाथरवटांनी हिशोब मांडलाय. बाहेरचा दगडी रांजण जकातीचा होता म्हणतात. बाबा त्यात वाकून हाक मारायचे, आवाज घुमायचा. पुढे आम्हा भावंडांनाही मारायला लावायचे.

चूलबोळकी:
चुंबळ आठवते का कुणाला? जुन्या लुगड्याचा धडपा पिळून गोल करायचा. आई उन्हाळ्यात ओली करून ठेवायची, डोकं गार राहतं म्हणून. वर भाजीची पाटी, एका हाताला मी, दुसरा हात मोकळा. पाटीला हात लावलेला मी कधी पाहिला नाही. म्हातारपणी मान फार दुखायची तिची. रात्री तेल चोळताना सगळा बाजार सांगायची, कोण भेटलं, कुणी भाव पाडला... आलेच, कुकर झाला.

डोंगरकूस:
शिडी घाटाने भीमाशंकर कुणी केलंय का एवढ्यात? मुलं मागे लागलीत.

रानजाई:
पावसात शिड्या नकोच. खांडसहून गणेश घाटाने न्या, लांब पडतो पण मुलांना सोपा.

मावळवारा:
केळदचा मढे घाट. आमचा तांदूळ खाली जायचा, कोकणातलं मीठ न् सुकट वर यायची. आजोबा घाटाच्या वळणावर असतानाच घरात मांजर दारात येऊन बसायचं, आजी म्हणायची आले हो! तानाजींचा देह याच घाटानं उमरठ्याला नेला असं आमच्याकडे सांगतात. त्यामुळे आजोबा घाटतोंडाशी पायताण काढून हातात घ्यायचे, चार पावलं अनवाणी, मग पुन्हा घालायचे. बाजाराला कितीही उशीर झालेला असू दे.

कारवीफूल:
गावात एसटी आली न् आमची वाट कारवीनं गिळली. गेल्या वर्षी काका कोयता घेऊन गेले, अर्ध्यातून परतले. एका दिवसात बाजार करून येणारा माणूस, ओट्यावर संध्याकाळभर गप्प बसला होता. मी चहा नेला तर म्हणाले, "ओढ्यापाशी चुकलो बग."

घाटपायरी:
हे वाचून पोटात तुटलं. काकांना सोबत घेऊन पुन्हा जा, दोघंतिघं असलात की वाट मोकळी करता येते.

चूलबोळकी:
आले परत. मावळवारा, तांदूळ आंबेमोहोर का? त्याच्या पेजेचा वास अजून नाकात आहे.

मावळवारा:
हो ताई, आंबेमोहोरच. आता थोडाच लावतो, घरापुरता.

कारवीफूल:
काकांना विचारलं. दिवाळीनंतर जाऊ म्हणाले, गवत वाळल्यावर. कोयत्याला धार लावायला काढलाय आत्ताच.

घाटपायरी:
वा! मी पौष पुनवेला पुन्हा आहुप्याहून उतरतोय, मध्यरात्रीच. आजीची घोंगडी घेऊन.

रानजाई:
मी येते. बाबांना घाट झेपणार नाही, पण खाली खोपिवलीत येऊन थांबतो म्हणालेत.