मगरीने धरलं की धरलंच? राक्षसांच्या ग्रॅपलचा नियम नक्की काय समजायचा

नेरुळ_फायटर:
काल रविवारी आमच्या नेरुळच्या टेबलवर डंजन्स अँड ड्रॅगन्स (फासे टाकून खेळायचा रोलप्लेइंग गेम) खेळताना जे झालं त्यावरून जुईनगर ते ठाणे अख्ख्या लोकलमध्ये मी आणि आमचा डीएम (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) वाद घालत होतो, म्हणून इथे मांडतोय. माझा फायटर कमरेएवढ्या पाण्यात उभा, मगर आली, बाइट लागला, ९ डॅमेज, आणि डीएम म्हणाला तू ग्रॅपल्ड (पकडलेला) पण आणि रिस्ट्रेन्ड (जखडलेला) पण. मी डी२० (वीस बाजूंचा फासा) हातात घेऊन विचारलं मी काय रोल करू? तर म्हणे काही नाही, बाइट लागला म्हणजे धरलं.

आता हेच मी गॉब्लिनला धरायला गेलो तर २०२४च्या नियमात त्याला सेव्ह (पकड टाळायचा रोल) मिळतो, २०१४च्या नियमात अ‍ॅथलेटिक्सची झटापट (दोघांचे रोल) व्हायची. आम्ही प्लेअरचं पुस्तक नवीन वापरतो आणि मॉन्स्टर मॅन्युअल (राक्षसांचं पुस्तक) अजून २०१४चंच, त्यामुळे गोंधळ अजून वाढतो. सुटायला माझी पूर्ण अ‍ॅक्शन गेली, फाशावर ४ आला, माझे अधिक ५ म्हणजे ९, हवे होते १२. पुढच्या टर्नला मगरीने मला १५ फूट आत ओढलं आणि मी रिस्ट्रेन्ड म्हणून अ‍ॅडव्हान्टेजने (दोन फासे टाकून मोठा आकडा घेऊन) परत चावली. स्ट्रेंथ १६चा माणूस, पकड बसताना त्याने साधा जोर पण लावला नाही असं कसं चालेल? माझं म्हणणं एवढंच, रोल असेल तर दोघांना असू दे.

ऐरोलीचा_डीएम:
नाही पटलं. तुझा बचाव एसीमध्येच (आर्मर क्लास, वार लागायला गाठायचा आकडा) झालाय ना. मगरीला अटॅकवर फक्त ४ मिळतात, चेनमेल आणि ढाल असती तर एसी १८, तिला १४ किंवा वर लागला असता, म्हणजे शंभरातले ६५ वेळा ती तुला धरूच शकत नाही. आणि १२ हा आकडा पण हवेतून आलेला नाही. ८ अधिक तिच्या स्ट्रेंथचा बोनस २ अधिक प्रोफिशियन्सी (सरावाचा बोनस) २. नवीन पुस्तकात तू गॉब्लिनला धरतोस तेव्हा हाच फॉर्म्युला आहे, फक्त तुझा रोल आधीऐवजी नंतर येतो.

मी २००३चं साडेतीन एडिशन खेळलोय. आधी टच अटॅक (नुसतं शिवायचा वार), त्याआधी समोरच्याचा फुकटचा वार, मग दोघांचे ग्रॅपल चेक, त्यात साइजचे अधिक ४ उणे ४, एक मिठी मारायला टेबलवर सगळे पुस्तक उघडून बसायचे. ते दिवस परत नकोत.

कोपरी_विझार्ड:
दादा फॉर्म्युला तोच असेल तर अजगराचं काय? २०१४च्या पुस्तकात साध्या कन्स्ट्रिक्टर स्नेकची स्ट्रेंथ पण १५च आहे, मगरीएवढीच, आणि त्याचा एस्केप डीसी (सुटायला लागणारा आकडा) १४. जायंट ऑक्टोपसची स्ट्रेंथ १७, तुमच्या हिशोबाने १३ यायला हवे, लिहिलेत १६. म्हणजे मगरीचा आकडा योगायोगाने जुळला. आणि जुन्या पुस्तकात मगरीच्या बाइटला साइजची मर्यादाच नाही, आपल्याला मात्र एकच साइज मोठं धरता येतं. मगर हत्तीला धरणार आणि हत्ती बिचारा स्पीड शून्य होऊन उभा राहणार?

एसीचं पण नाही पटत. चिलखत दात अडवतं, पकड नाही अडवत. माझे काका तालमीत जायचे, ते म्हणायचे हात पडला म्हणजे पकड नव्हे, समोरच्याने अंग आखडून घेतलं की बसलेला हात पण निसटतो. ती निसटायची वेळच या नियमात नाहीये.

ऐरोलीचा_डीएम:
हत्तीचं मान्य, ते डीएमने सरळ नाही म्हणायचं. पण अजगराला १४ बरोबरच आहे, आवळणं हेच त्याचं काम आहे. स्पेसिफिक नियम जनरल नियमावर मात करतो हे पुस्तकातच दिलंय.

खारघर_क्लेरिक:
मला वेगळंच विचारायचंय कारण आमच्याकडे यावर भांडण झालंय. बार्बेरियनने मगरीला शव्ह करून ५ फूट मागे ढकललं. नियमात आवाक्याबाहेर गेलं की ग्रॅपल सुटतं, मग आमचा रेंजर सुटला का? आमची डीएम म्हणाली जबड्यात पाय आहे तर मगरीबरोबर पाय पण जाणार ना. मला दोन्ही खरं वाटतं आणि तेच अवघड आहे. मिस्टी स्टेपने (क्षणात दुसरीकडे जायची जादू) सुटतो यावर कुणाचं दुमत नाही, पण पहिल्या लेव्हलला ते असतं कुणाकडे.

कोपरी_विझार्ड:
ताई सुटला. मित्राने अख्खी अटॅक घालवून मगरीशी झटापट जिंकली, त्याला काहीतरी मिळालंच पाहिजे. पाहिजे तर पाय सुटताना थोडं डॅमेज द्या, पण सोडवलाच नाही असं केलं तर पुढच्या वेळी कुणी कुणाला सोडवायला जाणारच नाही, सगळे लांबून बाण मारत बसतील.

नेरुळ_फायटर:
हो हे मला पण पटतं. आणि आमच्या टेबलसाठी मी असं सुचवणारे, बाइट लागला की लगेच एक रोल द्यायचा, डीसी तोच.

ऐरोलीचा_डीएम:
हिशोब कर. तुझे अधिक ५, डीसी १२, म्हणजे ७ किंवा वर आला की सुटलास, दहातले सात वेळा. मगर आधीच १९ हिट पॉइंटची, चॅलेंज (ताकदीचा दर्जा) अर्धा, तिच्याकडे पकड सोडून आहे काय? मग ती नुसतं चावणारं मोठं कुत्रं होईल, नदीची भीती कुणाला वाटणार नाही. मला प्लेअरला मारायचं नसतं रे, पण पाण्यात पाय टाकताना पोटात गोळा आला पाहिजे.

नेरुळ_फायटर:
भीती मला पण हवीये, म्हणूनच रागावलो. मी घाबरलोच नाही, नुसता बसून राहिलो. बरं मग असं करूया, बाइट लागला की फक्त ग्रॅपल्ड, रोल नाही, ओढून नेलं तरी चालेल. पण रिस्ट्रेन्ड तेव्हाच जेव्हा माझा एक टर्न जाऊन मी सुटलो नाही. म्हणजे पहिल्या टर्नला मला ठरवता येईल की सुटायचं का तिच्या डोळ्यात तलवार घालायची, आणि तलवारीला डिसअ‍ॅडव्हान्टेज नसेल.

ऐरोलीचा_डीएम:
हे चालेल मला. मगरीला लावून बघतो येत्या रविवारी, ऑक्टोपसला मात्र नाही लावणार, त्याचे आठ हात आहेत.