इत्सुलिया बघताना नक्की बघायचं काय?

पेडलपांडू:
मंडळी, टूर द फ्रान्स मी नेमाने बघतो, जुलैत घरचे माझी आशाच सोडतात. पण एप्रिलमधली ही उत्तर स्पेनमधल्या बास्क कंट्रीची सहा दिवसांची सायकल रेस, इत्सुलिया, ती आत्ता कुठे सीरियसली बघायला घेतलीये आणि खरं सांगू का, डोक्यावरून चाललीये. टूरमध्ये कसं, एक मोठा डोंगर येतो, पंधरा किमी चढ, एकेक जण गळत जातो, शेवटी दोघंतिघं उरतात, सगळं डोळ्यासमोर. इथे स्टेजचं, म्हणजे त्या दिवसाच्या टप्प्याचं, चढउताराचं प्रोफाइल उघडलं की करवतीचे दातेच दिसतात, तीन किमी चढ, लगेच उतार, परत चार किमी चढ, कुठलाच घाट धड उंच नाही आणि तरी मी पाणी प्यायला उठून येईपर्यंत ग्रुप अर्धा झालेला असतो, कोण कुठे गेलं काही पत्ता नाही. कॉमेंटेटर तर चढ सुरू व्हायच्या आधीच ओरडायला लागतो, का ते कळत नाही. आणि एवढं करून जीसीमध्ये, म्हणजे सगळ्या दिवसांच्या एकूण वेळेच्या क्रमवारीत, पहिले सगळे काही सेकंदांत! ऑफिसमुळे सहाही दिवस बघणं जमणार नाही, तर कुठला दिवस चुकवू नये? आणि २०२४ ला तो भयंकर क्रॅश झाला ती हीच रेस ना?

घाटवेडा:
कॉमेंटेटर बरोबर ओरडतोय भाऊ, खरी मारामारी चढाच्या आधीच असते. रस्ते बघ तिथले, मोठ्या रोडवरून एकदम काटकोनात वळून गावातल्या शेताकडे जाणाऱ्या वाटेवर घुसतात, जेमतेम एक गाडी जाईल एवढी रुंदी आणि समोर लगेच पंधरा टक्क्यांचा चढ. वळणावर तू दहावा असशील तर वेग न तोडता आत जातोस. पन्नासावा असशील तर पुढचे सगळे ब्रेक मारतात, तू जवळपास थांबतोस, मग शून्यातून वेग घ्यायचा तोही उभ्या चढावर, आणि तोवर पुढचे निघून गेलेले. पायात ताकद असूनही माणूस तिथेच संपतो. म्हणून चढाच्या आधीचे पाच किमी बघ, कुठली टीम आपल्या लीडरला रांगेने पुढे आणतेय ते बघ, अर्धी रेस तिथेच कळते.

दुसरं म्हणजे ड्राफ्ट, पुढच्याच्या मागे लपून वारा चुकवणं. सपाटीवर चाळीसच्या वेगात मागे बसून भरपूर दम वाचतो, एवढ्या उभ्या चढावर वेग पार खाली येतो आणि मागे बसण्याचा फायदा जवळपास उरतच नाही. मग टीम असली काय नि नसली काय. त्यात इथे टीम सात जणांची, टूर द फ्रान्ससारख्या तीन आठवड्यांच्या ग्रँड टूरसारखी आठची नाही, आणि दोन चढांच्या मध्ये सपाट रस्ताही फारसा नसतो की मागे पडलेले डोमेस्टिक, म्हणजे लीडरसाठी राबणारे मदतनीस, परत येऊन जोडले जातील. शेवटच्या तीस किमीत लीडर बऱ्याचदा एकटाच दिसतो तो त्यामुळे.

रविवारची_राइड:
घाटवेडा +१.
कुठला दिवस चुकवू नये याचं उत्तर सोप्पं आहे, शनिवार. शेवटची स्टेज बहुतेक वेळा एइबार गावाच्या आसपास असते आणि तिथे यलो जर्सीची, म्हणजे एकूण वेळेत पुढे असणाऱ्याची, वाट लागते ही आता परंपराच झालीये. २०१९ ला बूखमान जवळपास मिनिटभराची आघाडी घेऊन उतरला होता, संध्याकाळी चॅम्पियन इओन इसागिरे. २०२२ ला एव्हनपूल फक्त दोन सेकंदांनी पुढे होता, गेला चौथ्या नंबरवर आणि रेस दानी मार्तिनेसची. २०२४ ला स्केल्मोसे लीडर, आयुसो आणि कार्लोस रॉड्रिगेस पुढे सटकले, स्टेज रॉड्रिगेसला आणि रेस आयुसोला.

पण सगळ्यात भारी २०२१. जुनं फुटेज मिळालं तर बघच. स्टेज जेमतेम ११२ किमीची, सात चढ. यूएई टीमचा मॅकनल्टी लीडर, रोग्लिच त्याच्या मागे २३ सेकंदांवर, आणि यूएईकडेच पोगाचारसुद्धा. रोग्लिच फिनिशपासून बराच लांब असताना एका उतारावर बाकी काही जणांबरोबर निघाला. चढावर नाही, उतारावर! पोगाचार मागे मॅकनल्टीबरोबर राहिला, लीडर आपलाच म्हटल्यावर त्याला सोडून कसं जायचं. मग मॅकनल्टीच दमला, आणि पोगाचारला मोकळं सोडेपर्यंत फार उशीर झालेला. एकूण रेसमध्ये रोग्लिच पहिला, विंगेगोर दुसरा, पोगाचार तिसरा. टीमने त्याला आधी सोडायला हवं होतं असं माझं आजही मत आहे, यावर भांडायला मी कधीही तयार आहे.

त्या वर्षी फिनिश एइबारच्या वरच्या आराते घाटावर होतं. तिथे एक गंमत आहे, घाटाचा माथा आधी येतो आणि फिनिश त्याच्या थोडं पुढे, देवस्थानापाशी, मधला रस्ता जवळजवळ सपाट. म्हणजे चढावर पाच-सहा सेकंद काढलेला माणूससुद्धा पुढच्या पट्टीत पकडला जाऊ शकतो. हल्ली २०२३ ते २०२५ फिनिश खाली एइबार गावातच होतं.

कडेकडेने:
शनिवारचं एवढं कौतुक नको, दर वेळी उलथापालथ होतेच असं नाही. २०२३ ला विंगेगोर लीडर होता आणि शेवटच्या दिवशी तोच एकटा पुढे निघून जिंकला, सहापैकी तीन स्टेज त्याच्याच. २०२५ ला अल्मेइदाचंही तेच, यलो अंगावर असताना शेवटची स्टेजही मारली.

क्रॅशचं विचारलंत, हो, हीच ती रेस. चौथी स्टेज, ४ एप्रिल २०२४. उतारावर उजवं वळण, बाहेरच्या बाजूला सिमेंटची गटारी, दगड आणि झाडं. विंगेगोरचं कॉलरबोन, बरगड्या आणि फुफ्फुसाला इजा, एव्हनपूलचंही कॉलरबोन, जे वाइनच्या मणक्यांना मार, रोग्लिचही पडला. रेस न्यूट्रल केली, म्हणजे त्या दिवसाचा वेळ धरलाच नाही, आधीच पुढे सटकलेल्या छोट्या ग्रुपलाच (ब्रेकअवे) फक्त स्टेजसाठी भिडू दिलं, ती मेंतजेसने घेतली. विंगेगोर त्याच जुलैत टूरमध्ये दुसरा आला आणि एव्हनपूलने पॅरिस ऑलिंपिकची दोन सुवर्णपदकं नेली म्हणून लोक विसरले. माझ्या मते विसरू नये. ज्या अरुंद रस्त्यांचं घाटवेडा एवढं गुणगान करताहेत तेच रस्ते उतरताना जिवावर येतात, आणि अशा वळणावर गादी किंवा जाळी लावायला आयोजकांना काय जड जातं?

घाटवेडा:
कडेकडेने, गुणगान नाही हो, वर्णन केलं फक्त. उताराबद्दल तुमचं म्हणणं मान्य आहे. पण घाईही तेवढीच जबाबदार, पुढच्या चढाआधी पहिल्या दहात असायचंय म्हणून सगळेच उतारावर पुढे घुसतात. गाद्या लावल्या तरी ती घाई जायची नाही. लावाव्यात हे नक्की.

मुक्ता_मोकाट:
अरे मंडळी, कोणीच प्रेक्षकांबद्दल बोलेना! मला तर ही रेस त्या लोकांसाठीच आवडते. पाऊस पडतोय, धुकं आहे, आणि तरी चढावर दोन्ही बाजूंना छत्र्या, हिरवे-लाल-पांढरे बास्क झेंडे, आणि "औपा! औपा!" शेवटून दुसरा येणाऱ्यालाही तोच आरडाओरडा जो पहिल्याला. केशरी कपडे दिसतात ते एउस्काल्तेल टीमचे चाहते. जुनी टीम २०१३ ला बंद झाली, तरी रंग काही सुटला नाही, नंतर २०२० ला ते नाव परत आलं. राजकीय तणावामुळे स्पेनची मोठी व्हुएल्टा बास्क भागात तीसेक वर्षं गेलीच नव्हती, २०११ ला परत बिल्बाओला आली आणि स्टेज जिंकली कोणी तर तिथल्याच इगोर आंतोनने, केशरी जर्सीत. तो फिनिश बघा एकदा, अंगावर काटा येतो.
जिंकणाऱ्याला इथे ट्रॉफीबरोबर मोठी बास्क टोपी मिळते, चापेला. रोग्लिचला ती बरी दिसते, बाकीच्यांचं जाऊ द्या.
आणि पांडू, बायकांची इत्सुलियाही असते, २०२२ पासून, तीन दिवसांची. पहिल्याच वर्षी डेमी व्होलरिंगने तिन्ही स्टेज मारल्या. सहा दिवस झेपत नसतील तर तिथून सुरुवात कर, रस्ते साधारण तसेच.

पेडलपांडू:
बाप रे, एवढं मिळेल वाटलं नव्हतं, सगळ्यांना धन्यवाद. आज घाटवेडांचं ऐकून चढाऐवजी चढाच्या आधीचं वळण बघत बसलो, तर एका टीमचे चार जण डावीकडून रांगेने पुढे आले आणि ज्याच्यावर मी नजर ठेवून होतो तो उजवीकडे भिंतीकडेला अडकला, म्हटलं गेला हा, आणि खरंच गेला, अर्ध्या चढावरच मागे. पहिल्यांदा आधी कळलं! मुक्ताताई, बायकांची रेस नोंदवून ठेवली. एकच शंका, शनिवारी किती लवकर लावायचं? शेवटचे तीस किमी बघितले तर पुरे ना?

रविवारची_राइड:
अजिबात नाही! शनिवारची स्टेज छोटी असते, पहिल्या चढापासूनच पेटते. २०२१ ला ज्यांनी शेवटचे तीस किमी लावले त्यांना रोग्लिच पुढे कसा गेला तेच दिसलं नाही. तिथली दुपार म्हणजे आपली संध्याकाळ, साडेतीन तास पुढे धर, ऑफिसही नाही. सुरुवातीपासून लाव.