बी.एस्सी. गणित: सिद्धता पाठ होतात, पण स्वतःला सुचत नाहीत

प्रश्न:
नमस्कार. मी मुंबई विद्यापीठाशी संलग्न असलेल्या दादरच्या एका महाविद्यालयात एस.वाय.बी.एस्सी.ला (दुसऱ्या वर्षाला) आहे. बारावीपर्यंत गणित हा माझा हातखंडा विषय होता, परंतु रिअल अ‍ॅनालिसिस (वास्तव संख्या आणि त्यांवरील फलनांचा काटेकोर अभ्यास) सुरू झाल्यापासून चित्र पालटले आहे. प्रमेयांच्या सिद्धता मी पाठ करतो, गुणही बरे मिळतात, मात्र प्रश्न किंचित फिरवून विचारला की सुरुवात कुठून करावी हेच उमगत नाही. सातत्य आणि एकसमान सातत्य यांच्या व्याख्या मला जवळजवळ सारख्याच वाटतात. तेच एपसिलॉन (फलनाच्या किमतींमधल्या फरकाची मर्यादा), तोच डेल्टा (बिंदूंमधल्या अंतराची मर्यादा), फक्त शब्दांचा क्रम वेगळा. पुढे एम.एस्सी. करण्याची मनापासून इच्छा आहे, पण घरी संख्याशास्त्राकडे वळण्याचा सल्ला मिळतो आहे. बदलापूरहून रोजची ये-जा असल्याने वेळही मोजकाच मिळतो. अभ्यासाची पद्धत नेमकी कशी बदलावी?

उत्तर १:
तुम्ही ज्याला ‘फक्त क्रम’ म्हणता, त्यातच सगळा फरक आहे. साध्या सातत्यात आधी बिंदू ठरतो, मग एपसिलॉन दिला जातो आणि त्यानंतर आपण डेल्टा निवडतो. त्यामुळे डेल्टा बिंदूगणिक बदलला तरी चालते. एकसमान सातत्यात मात्र एपसिलॉन मिळताच संपूर्ण संचाला पुरेल असा एकच डेल्टा सांगावा लागतो.

आता ० आणि १ यांच्या दरम्यान (टोके वगळून) १/क्ष हे फलन घ्या. १/१० आणि १/११ या बिंदूंमधले अंतर १/११०, आणि फलनाच्या किमती १० व ११. पुढे १/१०० आणि १/१०१ घेतले, तर अंतर १/१०१०० इतके कमी होते, तरी किमतींमधला फरक १ च राहतो. म्हणजे एपसिलॉन १ असताना तुम्ही कितीही लहान डेल्टा सांगितलात, तरी शून्याजवळ त्याला खोटे ठरवणारी जोडी सापडतेच. हेच फलन १/१००० ते १ या बंद अंतराळावर घेतले, तर एपसिलॉनला दहा लाखांनी भागून मिळणारा डेल्टा सर्वत्र पुरतो. तो का पुरतो, हे कृपया पुस्तक न उघडता स्वतः लिहून काढा. प्रत्येक प्रमेयाच्या बाबतीत एक अट काढून टाकायची आणि निष्कर्ष कोसळवणारे उदाहरण शोधायचे, ही सवय लागली की सिद्धतेतली प्रत्येक ओळ कशासाठी आहे ते दिसू लागते. असे उदाहरण शोधायला वहीसुद्धा लागत नाही. गाडीत उभ्यानेही ते जमते.

उत्तर २:
वरील उत्तराशी मी सहमत आहे, परंतु पाठांतराला सरसकट दोष देऊ नये, असे अध्यापनाच्या अनुभवावरून वाटते. व्याख्या शब्दशः पाठच हव्यात, कारण ‘प्रत्येक’ आणि ‘अस्तित्वात आहे’ यांची जागा हलली की विधानच बदलते. सिद्धता मात्र एकदा वाचून, पुस्तक मिटून, दुसऱ्या दिवशी कोऱ्या कागदावर लिहावी, आणि जिथे अडेल तेवढीच ओळ पुन्हा पाहावी.

एम.एस्सी.साठी कालिन्यातील विद्यापीठाच्या गणित विभागाबरोबरच पवईच्या आय.आय.टी.चाही विचार करा. तिथल्या प्रवेशासाठी जॅम ही तीन तासांची, १०० गुणांची परीक्षा असते. तिच्यात पर्याय निवडायचे किंवा संख्या भरायची असते, सिद्धता लिहायची नसते, म्हणून केवळ तिच्या तयारीवर विसंबल्यास लेखनाचा सराव मागे पडतो. ती उणीव भरून काढायला एम.टी.टी.एस. (मॅथेमॅटिक्स ट्रेनिंग अँड टॅलेंट सर्च) हे गणिताचे उन्हाळी प्रशिक्षण फार उपयोगी आहे. १९९३ पासून चालत आलेल्या या उपक्रमात विद्यार्थ्यांना प्रश्न विचारत, त्यांच्याकडूनच उत्तर काढून घेत शिकवण्यावर भर असतो. तुमच्या अडचणीवर याहून नेमका उपाय मला ठाऊक नाही. अर्ज अवश्य करा.

प्रश्नकर्ता:
दोघांचेही आभार. दहा लाखांचा उलगडा झाला: किमतींमधला फरक म्हणजे दोन बिंदूंमधले अंतर भागिले त्या बिंदूंचा गुणाकार, आणि तो गुणाकार एक भागिले दहा लाख यापेक्षा कमी होऊच शकत नाही. संख्याशास्त्राविषयी काही सांगाल का?

उत्तर २:
उलगडा अचूक आहे. संख्याशास्त्र आवडत असेल तर जरूर घ्या, परंतु सिद्धता टाळण्यासाठी घेऊ नका. पदव्युत्तर स्तरावर संभाव्यतेचा पाया मापन सिद्धान्तावर (संचांचे ‘आकारमान’ मोजण्याच्या गणितावर) रचलेला असतो, आणि मोठ्या संख्यांचा नियम (प्रयोग वाढत गेले की सरासरी अपेक्षित किमतीजवळ जाते) सिद्ध करताना हाच एपसिलॉन पुन्हा समोर येतो.