रेडिओ सिलोन जिंकलं ते केसकरांमुळे, ही अर्धीच गोष्ट आहे

लघुलहर (धागाकर्ता)

जुन्या हिंदी गाण्यांच्या रेडिओचा विषय निघाला की एक गोष्ट ठरल्यासारखी सांगितली जाते. १९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले. त्यांना सिनेसंगीताचा तिटकारा होता. त्यांनी आकाशवाणीवरची गाणी बंद पाडली, लोकांनी रेडिओचा काटा कोलंबोच्या रेडिओ सिलोनकडे (सिलोन म्हणजे आजची श्रीलंका) फिरवला आणि तिथले निवेदक अमीन सयानी घराघरांत पोचले. एक हट्टी मराठी मंत्री आणि एक समुद्रापलीकडचं स्टेशन, एवढ्यात सगळं आटोपतं. मला ही मांडणी पटत नाही.

पहिलं म्हणजे तारखा. कोलंबोत रेडिओ १९२५ पासून होता, म्हणजे आपल्या मुंबई केंद्राच्याही दोन वर्षं आधीपासून. महायुद्धात दोस्त राष्ट्रांनी आपल्या सैनिकांसाठी तिथे १०० किलोवॅटचा लघुलहरी (शॉर्टवेव्ह) प्रक्षेपक आणला. युद्ध संपलं, ब्रिटिश गेले, कोलंबोजवळच्या एकला गावातलं ते यंत्र सिलोन सरकारच्या हाती आलं. एवढ्या छोट्या बेटाला एवढा मोठा आवाज कशाला हवा होता? शेजारच्या देशांतल्या श्रोत्यांसाठी आणि त्यांच्यापर्यंत पोचू पाहणाऱ्या जाहिरातदारांसाठी. राष्ट्रकुल देशांच्या मदतीच्या कोलंबो योजनेतून क्लिफर्ड डॉड नावाचा ऑस्ट्रेलियन अधिकारी आला आणि १९५० मध्ये व्यापारी विभाग सुरूही झाला. केसकर तेव्हा नभोवाणी खात्यात आलेलेही नव्हते.

दुसरं, गाणी नेमकी कशी थांबली. केसकरांनी गाण्यांची चाळणी सुरू केली, त्यांचा वाटा कमी केला आणि चित्रपटाचं नाव सांगणं बंद केलं, कारण त्यांच्या मते ती फुकटची जाहिरात होती. त्यावर निर्मात्यांनी आकाशवाणीशी असलेले करारच मोडले. अवघ्या काही महिन्यांत गाणी जवळजवळ नाहीशी झाली, ती दोन्ही बाजूंच्या ताणाताणीतून. निर्मात्यांची बाजू आपण कधी तपासतो का?

तिसरं आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचं. ३ ऑक्टोबर १९५७ ला विविधभारती सुरू झाली, तीही केसकरच मंत्री असताना. पंडित नरेंद्र शर्मांसारखा कवी तिथे बसला, सिनेसंगीत राजरोस लागू लागलं. पुढची दहा वर्षं तिथे एकही जाहिरात नव्हती. गाण्यांचा दुष्काळ हेच सिलोनचं भांडवल असतं, तर १९५७ नंतर त्याची सद्दी ओसरायला हवी होती. तसं झालं नाही. अमीन सयानींची गीतमाला, म्हणजे बिनाका टूथपेस्टने प्रायोजित केलेला गाण्यांचा कार्यक्रम, सिलोनवरून १९८८ पर्यंत चालली.

तेव्हा सिलोन जिंकलं ते पैशाच्या रचनेवर आणि मुंबईच्या माणसांवर. हिंदी प्रायोजित कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित व्हायचे आणि फिती विमानाने कोलंबोला जायच्या. आवाज आपला, गाणी आपली, टूथपेस्ट आपल्या दुकानातली. परकं होतं ते फक्त यंत्र. केसकरांना सगळं श्रेय आणि सगळा दोष दिला की ही रचना झाकली जाते, म्हणून हा धागा.

सह्यकडा

तारखा बरोबर आहेत, निष्कर्ष नाही. व्यापारी विभाग १९५० चा, मान्य. पण बिनाका गीतमाला सुरू झाली ३ डिसेंबर १९५२ ला, म्हणजे केसकर आले त्याच वर्षी. हा योगायोग म्हणायचा का? जाहिरातदार मूर्ख नसतो. शेजारच्या घरात चूल विझलेली दिसली म्हणूनच त्याने इकडे खानावळ टाकली.

आणि 'दोन्ही बाजूंची ताणाताणी' हे फार सौम्य झालं. एका बाजूला सरकारची मक्तेदारी होती. देशात दुसरं नभोवाणी केंद्र काढायची कुणालाही मुभा नव्हती. ज्याच्या हातात एकमेव माइक आहे त्याची जबाबदारी निर्मात्यांइतकीच कशी असेल? लोकांनी काय ऐकावं हे एका सुशिक्षित माणसाने दिल्लीत बसून ठरवलं. श्रोत्यांनी पाऊणएकशे मैलांवरचं नाही, हजार मैलांवरचं स्टेशन लावून उत्तर दिलं. आवाज येतोय-जातोय, खरखर होतेय, तरीही लावलं. लोकांचं मत याहून स्पष्ट काय असणार?

आपली_आवड

सह्यकडांशी सहमत, आणि थोडी भर घालते. गीतमालेचा खरा शोध म्हणजे श्रोत्याला विचारणं. सुरुवातीला सात गाणी लागायची आणि श्रोत्यांनी ती चित्रपटांच्या प्रदर्शनाच्या क्रमाने लावून पाठवायची. बक्षीस होतं १०० रुपयांचं. पत्रांचा असा पाऊस पडला की ती मोजणंच अशक्य झालं, म्हणून पुढे लोकप्रियतेच्या क्रमाने गाणी लावायची पद्धत आली. रेकॉर्डच्या दुकानांतली विक्री बघायची, गावोगावच्या श्रोतासंघांची पत्रं बघायची, आणि मग गाण्याचं पायदान, म्हणजे क्रमवारीतलं स्थान, ठरायचं. झुमरीतलैया हे बिहारमधलं (आता झारखंडमधलं) गाव देशाला ठाऊक झालं ते फर्माइशी पाठवून. एखाद्या खाणगावातला माणूस आपलं नाव हजार मैलांवरून ऐकतोय, ही गोष्ट सरकारी रेडिओला सुचली नव्हती.

केसकरांच्या काळात सूर देणाराच ऐकणाऱ्याला घडवू पाहत होता. हार्मोनियमवर बंदी घालणाऱ्या माणसाकडून दुसरी काय अपेक्षा करायची?

लघुलहर

@आपली_आवड, हार्मोनियमची बंदी केसकरांची नाही. ती १९४० ची, ब्रिटिश अमदानीतली आहे. ती १९७० च्या सुमारास सैल होऊ लागली. केसकरांनी ती उठवली नाही, हे म्हणता येईल. पण त्यांच्या नावावर ती चढवणं हाच तर माझ्या तक्रारीचा मुद्दा आहे. सगळं एकाच माणसाच्या खात्यावर मांडायची आपल्याला सवय लागली आहे.

त्याच माणसाच्या काळात १९५२ मध्ये संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, वाद्यवृंद उभा राहिला, १९५४ मध्ये रेडिओ संगीत संमेलन आलं. संस्थानं खालसा झाली आणि गायकवादकांचा आश्रय गेला, त्या वेळी त्यांना महिन्याचा पगार किंवा निदान ठरावीक बिदागी कुणी दिली? कुठल्या टूथपेस्टने दिली नाही.

पेठेतला

लघुलहर, तुम्ही अजून मुख्य उदाहरण दिलंच नाहीत, म्हणून मी देतो. गीतरामायण.

१ एप्रिल १९५५, रामनवमी. पुणे केंद्र जेमतेम दीड वर्षाचं. केंद्रावरचे अधिकारी सीताकांत लाड यांनी कल्पना मांडली, गदिमांनी लिहायला घेतलं, बाबूजींनी चाली लावल्या, आणि आठवड्याला एक असं करत पुढच्या एप्रिलपर्यंत ५६ गाणी झाली. गाणं लिहून झालं की चाल, चाल झाली की मुद्रण, की प्रक्षेपण. पुढच्या आठवड्याचं गाणं अनेकदा अजून कागदावर नसायचं. हे धाडस जाहिरातीवर चालणाऱ्या स्टेशनने केलं असतं का? पहिल्या दोन आठवड्यांत विक्री किती वाढली, असा प्रश्न विचारून तिसरं गाणं थांबवलं असतं. वर्षभर एकच कथा, तीही सगळ्यांना ठाऊक असलेली, रागदारीवर बेतलेल्या चालीत! कोण प्रायोजक तयार झाला असता?

आणि ही गाणी घराघरांत गेली. लोक रेडिओला हार घालत, उदबत्ती लावत, हे आमच्या आधीच्या पिढीने पाहिलेलं आहे. म्हणजे सरकारी रेडिओला लोकांची नाडी कळत नव्हती, हे महाराष्ट्रापुरतं तरी खोटं आहे. सिलोनमुळे आपण हिंदी गाण्यांच्या देशाशी जोडले गेलो, ते चांगलंच झालं. पण मराठी भावगीताचं घर आकाशवाणीच्या मुंबई-पुण्याच्या केंद्रांतच बांधलं गेलं. 'आपली आवड' या फर्माइशींच्या कार्यक्रमात चिठ्ठ्या आपल्याही लोकांनी पाठवल्याच की.

सह्यकडा

गीतरामायणाबद्दल माझं डोकं आपोआप नमतं. पण पेठेतले, नीट बघा. ते कुणी घडवलं? लाड, माडगूळकर, फडके. त्यातले दोघे तर चित्रपटातले! गदिमा पटकथा आणि गाणी लिहीत होते, बाबूजी चित्रपटांना संगीत देत होते. जिथून गाणी नकोत असं दिल्ली म्हणत होती, त्याच कारखान्यातली ही माणसं. एका केंद्रावरच्या कल्पक अधिकाऱ्याने त्यांना मोकळीक दिली म्हणून ते घडलं. हे धोरणाचं यश कसं? धोरणाच्या फटीतून उगवलेलं आहे ते.

पेठेतला

फट म्हणा, पण ती फट सरकारी पैशाने उघडी राहिली होती. खपाचा हिशेब मागणारं कुणी नव्हतं म्हणून लाडांना ती सापडली. माझा मुद्दा तेवढाच आहे.

तंजावूरकर_चेन्नै

हिंदी-मराठीपलीकडेही बघा थोडं. तमिळनाडूत रेडिओ सिलोन म्हटलं की आजही लोकांना आठवते ती तमिळ सेवा. मयिल्वागनम, नंतर अब्दुल हमीद, ही तिथल्या घराघरांतली नावं. दक्षिणेकडच्या जिल्ह्यांत ते मध्यमलहरीवर स्वच्छ ऐकू यायचं, लघुलहरीची खरखर नाही. केसकर, गीतमाला, मुंबईतलं ध्वनिमुद्रण, यातलं काहीच तिथल्या कथेत मध्यवर्ती नाही. निवेदक सिलोनचे, भाषा सिलोनचीही, आणि श्रोते दोन्ही तीरांवरचे. त्यामुळे 'आवाज आपला, परकं फक्त यंत्र' हे लघुलहरांचं वाक्य मला खटकलं. हिंदी सेवेतसुद्धा गोपाल शर्मा, विजय किशोर दुबे, मनोहर महाजन ही मंडळी कोलंबोत राहून रोजची सभा चालवत होती. सकाळी साडेसातला जुन्या चित्रपटांची गाणी आणि आठ वाजायच्या आत शेवटी गायक कुंदनलाल सैगलचं गाणं, हा रिवाज प्रायोजकाने पाडलेला नव्हता. तो स्टेशनचा स्वतःचा होता. सैगल जाऊनही कितीतरी वर्षं उलटली होती, रोज त्याचा एक आवाज लावून कुणाचा साबण खपणार होता?

व्यापारी स्टेशनलाही स्वतःची आवड असू शकते, हे तुम्ही दोन्ही पक्ष विसरताय.

आपली_आवड

हे फार महत्त्वाचं बोललात. सकाळच्या त्या अर्ध्या तासाने जुन्या गाण्यांना जिवंत ठेवलं. त्या काळी रेकॉर्ड विकत घेणं किती घरांना परवडत होतं? नवी गाणी आली की जुनी बाजारातून जात. तीसच्या आणि चाळीसच्या दशकांतली गाणी पुढच्या पिढीला माहीत झाली, त्याचं मोठं श्रेय कोलंबोच्या रेकॉर्ड संग्रहाला आहे. मग लघुलहर, तुमच्या 'पैशाच्या रचनेत' हे कुठे बसतं?

लघुलहर

पैशाच्या रचनेतच बसतं. संध्याकाळच्या प्रायोजित तासांनी स्टेशनचा खर्च उचलला म्हणून सकाळी सैगल लावता आला. तंजावूरकरांनी सांगितलेलं मला मान्यच आहे, पण त्याने माझा मुद्दा मोडत नाही, उलट भरतो. व्यापारी रेडिओ वाईट असं मी कुठे म्हटलंय? मी म्हणतोय, त्याचं यश एका मंत्र्याच्या चुकीतून आलं हे म्हणणं त्या स्टेशनवरही अन्यायकारक आहे. सिलोनला कर्तृत्व होतं. आपण मात्र त्याची गोष्ट आपल्या मंत्र्याची गोष्ट म्हणून सांगतो.

नागपूरकर

मला एक समजत नाही. सगळे १९५२ वर भांडताय, १९६७ वर कुणीच बोलत नाही. १ नोव्हेंबर १९६७ ला विविधभारतीवर जाहिराती सुरू झाल्या त्या मुंबई, पुणे, नागपूर इथून. अख्ख्या देशात पहिल्यांदा, आणि तिन्ही केंद्रं महाराष्ट्रातली. आकाशवाणीचा खरा व्यापारी इतिहास आपल्या दारात सुरू झाला. सिलोनने पंधरा वर्षं जे दाखवून दिलं ते सरकारने शेवटी मान्य केलं, ते इथे. त्यानंतर १९७० पासून प्रायोजित कार्यक्रमही आले. स्थानिक दुकानदाराला आपलं नाव हवेत ऐकू येण्याची सोय झाली, जी कोलंबोने त्याला कधीच दिली नसती. तिथे परवडायचं ते मोठ्या कंपन्यांना.

माझ्या मते सिलोनला खरी टक्कर त्या दिवसापासून सुरू झाली. लघुलहर म्हणतात गीतमाला १९८८ पर्यंत सिलोनवरच होती. हो, पण १९८९ मध्ये ती कुठे आली? विविधभारतीवर.

सह्यकडा

आली, पण किती उशिरा. आणि जाहिराती घेऊनही तो रेडिओ मोकळा झाला का? १९७६ साली किशोरकुमारने सरकारी कार्यक्रमात गायला नकार दिला, तर त्याची गाणी आकाशवाणीवरून आणि विविधभारतीवरून हटवली. तेव्हा जाहिराती सुरू होऊन जवळजवळ नऊ वर्षं झाली होती. जाहिरातदारांचे पैसे घेतले, श्रोत्यांची फर्माइश घेतली, आणि एका मंत्र्याच्या मर्जीखातर देशाचा लाडका गायक गप्प केला. १९५२ आणि १९७६ मध्ये मंत्री बदलले, पक्ष तोच, खुर्ची तीच. केसकर निदान संगीताच्या प्रेमापोटी चुकले, एवढं मी मान्य करीन.

लघुलहर

इथे आपण एकमेकांच्या जवळ आलो आहोत, म्हणून शेवटचं सांगतो. १९६७ च्या जाहिराती आकाशातून पडल्या नाहीत. अशोक चंदा समितीने १९६६ मध्ये अहवाल दिला. त्यात जाहिराती घ्या असं होतं, आणि नभोवाणी सरकारी खात्यातून काढून स्वायत्त महामंडळाकडे द्या असंही होतं. पहिली शिफारस दीडेक वर्षात अमलात आली, कारण त्यात उत्पन्न होतं. दुसरीसाठी प्रसार भारती प्रत्यक्षात यायला १९९७ उजाडलं. सिलोनकडून आपण फक्त तिजोरी भरायला शिकलो.

सह्यकडा

मग शीर्षक बदला. मी पहिल्या प्रतिसादापासून हेच म्हणतोय की माइक एकाच हातात होता, आणि १९५२ मध्ये तो हात केसकरांचा होता. हात सोडवायला तीस वर्षं लागली, याचा दोष निर्मात्यांवर किंवा टूथपेस्टवर जात नाही.

लघुलहर

शीर्षक तसंच ठेवतो. अर्धी गोष्ट तुमची, ती मी नाकारलेली नाही.