हलका डेस्कटॉप: एक्सएफसीई वापरणाऱ्यांनो, लिहा!

विंडोज १० चे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले, तेव्हापासून "चांगला चालतोय हो, पण अकरा घेत नाही" असले लॅपटॉप ओळखीतले लोक माझ्याकडे आणून टाकतायत. मी बहुतेकांवर एक्सएफसीईवाला मिंट (लिनक्सचा एक प्रकार) चढवतो. एक्सएफसीई म्हणजे लिनक्सवर मेनू, पट्ट्या, खिडक्या सांभाळणारा, ऑलिव्हिए फूर्दाँने १९९६ मध्ये सुरू केलेला उंदीरछाप डेस्कटॉप. २०११ मध्ये ग्नोम ३ या दुसऱ्या डेस्कटॉपला वैतागून खुद्द लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्सही काही काळ इकडे आले होते. तुम्ही कुठे वापरता, काय काय बदललंत, कशाने डोकं फिरलं? स्क्रीनशॉट नकोत, सवयी सांगा.

लॅबवाले_सर
शाळेच्या लॅबमध्ये २ जीबी रॅमची यंत्रं आहेत, त्यामुळे दुसरा पर्याय नव्हताच. मुलांच्या हाती पहिलं काय लागतं, तर पॅनेल, म्हणजे मेनू-घड्याळाची पट्टी. कुणी ते उभं करतं, कुणी घड्याळ उडवतं. 'लॉक पॅनेल'वर खूण करून भागत नाही, पोरं ती काढायला दोन तासिकांत शिकतात. शेवटी एक्सएफसीईची सेटिंग्ज सांभाळणारं एक्सएफकॉन्फ कामाला आलं. ईटीसी फोल्डरमधल्या पॅनेलच्या एक्सएमएल फायलीत अख्ख्या चॅनेललाच (म्हणजे पॅनेलच्या सगळ्या सेटिंग्जना) कुलूप घालता येतं, किल्ली फक्त रूटकडे, म्हणजे यंत्राच्या प्रशासकाकडे. आता पॅनेल जागच्या जागी असतं. वॉलपेपर मुद्दाम मोकळा ठेवलाय, तेवढी हौस पाहिजेच. सध्या निम्म्या लॅबवर एकच क्रिकेटपटू आहे.

स्टुडिओतला
सगळे पॅनेल आणि थीमचं बोलतात, पण माझ्या मते खरा माल थुनारमध्ये, म्हणजे एक्सएफसीईच्या फाइल मॅनेजरमध्ये आहे. एडिट मेनूतल्या 'कस्टम अ‍ॅक्शन्स'. लग्नाचे फोटो गिऱ्हाइकाला व्हॉट्सअ‍ॅपवर आधी बारीक करून पाठवावे लागतात. मी इमेजमॅजिकची, फोटोंचा आकार बदलणारी मॉग्रिफाय आज्ञा तिथे टाकलीय. आकार १६००, शेवटी टक्का आणि मोठा एफ, म्हणजे निवडलेल्या सगळ्या फायली. पाथ देऊन वेगळ्या फोल्डरमध्ये काढा बरं, नाहीतर मॉग्रिफाय मूळ फोटोवरच लिहितो. 'कशावर दिसावं' त्यात फक्त चित्रांवर खूण. आता दोनशे फोटो निवडायचे, उजवी क्लिक, 'बारीक कर'. हो, नाव मराठीतच ठेवलंय. मुलगा चहा आणेपर्यंत काम झालेलं असतं.

शुद्धलेखनताई
मराठी टंकायचं असेल तर सेटिंग्जमध्ये कीबोर्ड, मग लेआउट. आधी 'यूज सिस्टिम डिफॉल्ट्स'ची खूण काढा, तोवर खालचं काहीच हलत नाही. इन्स्क्रिप्ट (भारतीय भाषांची प्रमाण कळरचना) येत असेल तर एवढ्यावर काम होतं. रोमनमधून टंकणाऱ्यांनी आयबस आणि एमसेव्हनटीनएन ही टंकनाची साधनं टाकावीत. पॅनेलवर कीबोर्ड लेआउटचा प्लगइन ठेवा, म्हणजे अर्धं वाक्य इंग्रजीत उमटल्यावर कपाळाला हात लागत नाही. छापखान्याला अजून बिगर-युनिकोड फायली लागतात, त्यासाठी एक विंडोज यंत्र कोपऱ्यात ठेवलंय. त्यातून सुटका नाही.

विरोधी_पक्ष
थोडं वाकडं बोलतो. चौदा इंची लॅपटॉप, पडदा फोर-के. एक्सएफसीईत विंडो स्केलिंग एकपट किंवा दुप्पट, मधलं नीट काही नाही. फॉन्टचा डीपीआय ९६ वरून १४४ केला, तर अक्षरं मोठी आणि खिडकीवरची बटणं मुंगीएवढी. मग मोठ्या बटणांची थीम शोधा, पॅनेलची उंची वाढवा, चिन्हं वाढवा. आठवडाभर हेच करत बसलो आणि केडीई प्लाझ्मा या दुसऱ्या डेस्कटॉपवर गेलो. आणि रॅम वाचते म्हणता ती जाते कुठे? ब्राउझरमध्ये! वीस टॅब उघडले की डेस्कटॉप हलका काय नि जड काय.

लॅबवाले_सर
@विरोधी_पक्ष, ब्राउझरचं सोळा आणे खरं. पण २ जीबीत निदान चार टॅब तरी उघडतात, आधी एकावरच यंत्र मान टाकायचं.

धागाकर्ता
रॅमसाठी मीही सुचवत नाही आता. उद्या अपडेट आल्यावर मेनू आहे तिथेच असतो, म्हणून सुचवतो. सासऱ्यांनी पहिल्या दिवशी एकच विचारलं, "पत्ते कुठायत?" पत्ते डेस्कटॉपवर ठेवले, त्यानंतर फोन नाही.

नवखी
खिडकीची कड धरायला जाते तर सापडतच नाही. मलाच असं होतं का?

स्टुडिओतला
सगळ्यांनाच होतं, कड काही थीममध्ये एक पिक्सेलची असते. ऑल्ट दाबून धरा आणि खिडकीत कुठेही उजव्या क्लिकने ओढा, आकार बदलतो. डाव्या क्लिकने ओढलं तर खिडकी सरकते.

नवखी
जमलं! आणि वेलँडचं काय? ऑफिसमधला मुलगा म्हणतो, पडद्यावर खिडक्या दाखवणारं जुनं एक्स११ आता गेलंच, त्याच्या जागी वेलँड.

धागाकर्ता
एक्सएफसीईच्या डिसेंबर २०२४ च्या ४.२० आवृत्तीत वेलँड आलंय, पण प्रायोगिक. पॅनेल, डेस्कटॉप चालतात. खिडक्या हाताळणारं एक्सएफडब्ल्यूएम४ मात्र तिथे चालत नाही, त्याच्या जागी लॅबडब्ल्यूसीसारखा दुसरा कंपोझिटर लागतो. रोजच्या कामाच्या यंत्रावर सध्या एक्स११च राहू द्या. कुणी ४.२० वेलँडवर महिनाभर चालवलं असेल तर इथे लिहा, विशेषतः मराठी टंकनाचं कसं काय ते.